नव्या संगणकावर जुनी रोजकीर्द

सांगलीतली अडत दुकाने, कराड-विट्याकडच्या पतसंस्था, गावोगावच्या दूध संस्था यांच्याकडे नव्वदच्या दशकात संगणक आले. त्यांतल्या अनेकांचा हिशेब फॉक्सप्रोत लिहिलेल्या डॉस प्रोग्रॅमवर बसला. यातले काही प्रोग्रॅम आजही चालू आहेत आणि रोजकीर्द, खतावणी, तेरीज ही कामे चोख करतात. अडचण येते ती मशीन बदलताना.

तासगाव तालुक्यातल्या एका पतसंस्थेत हे मी जवळून पाहिले. जुन्या मशीनचा मदरबोर्ड गेला, नवे मशीन आले, त्यावर सगळा फोल्डर जसाच्या तसा उतरवला. प्रोग्रॅम काही उघडेना. हा या संगणकावर चालणार नाही, एवढेच विंडोज सांगे. मग कुणीतरी ३२ बिटची जुनी विंडोज टाकून दिली. आता प्रोग्रॅम सुरू व्हायला लागला, पण मेनू दिसायच्या आत ‘डिव्हाइड बाय झीरो’ म्हणून बंद पडे. डेटा बिघडला, असा सगळ्यांचा समज झाला. बाहेर ठेवीदार पासबुक घेऊन ताटकळत उभे, आणि आत रिइंडेक्सवर रिइंडेक्स, म्हणजे डेटाची सूची पुन्हा पुन्हा बांधणे. डेटाच्या फायली मात्र शाबूत होत्या.

हे दोन वेगवेगळे बिघाड आहेत आणि त्यांची गल्लत झाली की दिवस वाया जातात.

पहिला बिघाड बिटचा. डॉसचे प्रोग्रॅम १६ बिटचे. ६४ बिट पद्धतीने चालणाऱ्या प्रोसेसरवर ते थेट चालवण्याची जुनी सोय उरत नाही, म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये डॉसचा भागच नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच मिळते. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती, पण त्या विंडोजचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

दुसरा बिघाड वेगाचा, आणि तो जास्त फसवा. त्या काळचे प्रोग्रॅम सुरू होतानाच मशीनचा वेग मोजून घेत. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. घड्याळाच्या ५५ मिलिसेकंदांत किती फेऱ्या झाल्या ते मोजायचे आणि त्याला ५५ ने भागायचे. उत्तर १६ बिटच्या जागेत मावले पाहिजे, म्हणजे ६५,५३५ च्या आत. पेंटियम टूच्या काळातली वेगवान मशीन आली, उत्तर मावेना, आणि प्रोग्रॅम ‘रनटाइम एरर २००’ देऊन थांबू लागले. क्लिपर आणि फॉक्सप्रोचे प्रोग्रॅमही वेगवान मशीनवर असेच भागाकारात अडकले. खुद्द विंडोज ९५ सुद्धा एएमडीच्या ३५० मेगाहर्ट्झच्या के६-२ प्रोसेसरवर सुरू होताना कोलमडे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना यात दोष देणे मला पटत नाही. इतका वेग त्यांच्यासमोर नव्हताच.

म्हणून आधी स्क्रीनवरचा संदेश शब्दशः लिहून घ्यावा, मोबाइलवर फोटो काढावा. ‘चालणार नाही’ असे आले तर प्रश्न बिटचा, ‘डिव्हाइड’ आले तर बहुधा वेगाचा. बिटच्या प्रश्नावर व्हर्च्युअल मशीनमध्ये ३२ बिट विंडोज टाकता येते, पण त्याने वेगाचा प्रश्न सुटत नाही, कारण प्रोसेसर तोच. त्यासाठी दुरुस्तीचा पॅच लागतो. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोसाठी तो काढला होता. पॅच नेहमी प्रतीवर लावावा, मूळ फोल्डरला हात लावू नये. जुन्या डॉस मशीनची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये वेग कमी करता येतो, पण ते खेळांसाठी बनवलेले आहे. चार टेबलांवरून एकच फाइल उघडणाऱ्या संस्थेने त्यावर विसंबू नये. हिशेबाच्या प्रोग्रॅमसाठी त्याच धर्तीचे व्हीडॉस बरे, त्यातून विंडोजच्या प्रिंटरवर छपाईही होते.

हे सगळे वेळ मारून नेण्याचे उपाय. डेटा नव्या प्रोग्रॅममध्ये नेणे कधीतरी करावेच लागते, आणि इथे मराठी नावांकडे फार लक्ष द्यावे लागते. फॉक्सप्रोच्या डेटाची डीबीएफ फाइल लिब्रेऑफिसमध्ये सहज उघडते, रकमा नीट दिसतात. पण नावे पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर टाइप केली असतील तर ती इस्की संकेतात असतात, आणि खातेदाराच्या नावाच्या जागी टिंबे-रेघा डोक्यावर घेतलेली रोमन अक्षरे दिसतात. ही नावे खराब झालेली नसतात, ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. घाईने पुन्हा टाइप करायला बसू नये. एका अक्षराच्या चुकीने वारसाला ठेव मिळताना अडचण येते. बदलल्यावर जोडाक्षरे आणि रफार असलेली नावे जुन्या छापील यादीशी मुद्दाम ताडून पाहावीत.

सोर्स कोड आणि पासवर्ड संस्थेच्या ताब्यात आहेत का, हे संचालक मंडळाने आजच विचारावे. जुने मशीन लगेच भंगारात देऊ नये. मार्चअखेरच्या तोंडावर हा बदल हाती घेऊ नये. एप्रिलनंतर एक पूर्ण तिमाही दोन्हीकडे नोंदी कराव्यात, रोजची तेरीज जुळवावी, आणि तिमाहीचे व्याज दोन्हीकडे काढून पैशापर्यंत पाहावे. पैसे पूर्णांकात धरण्याची पद्धत दोन प्रोग्रॅममध्ये वेगळी असेल, तर फरक तिथेच सापडतो.