घड्याळ, नाडी आणि दोनशे पानी वही

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा आपल्याही गल्ल्यांतून आरोळ्या उठल्या. पाठोपाठ वस्तीतल्या मुलींचा प्रश्न आला : मोठ्या संघांचे खेळाडू सरावाला ती आखूड काळी बंडी कशाला घालतात?

त्या बंडीत पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, एक लहानसे यंत्र असते. उपग्रहाच्या आधाराने ते खेळाडू किती धावला, किती वेगाने, हे टिपते. त्यावरून प्रशिक्षक ठरवतो की उद्या कोणाला पळवायचे आणि कोणाला बसवायचे. बसवणे हासुद्धा सरावच आहे, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही.

पोलीस भरतीसाठी आपली मुले १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर पहाटे अंधारात पळतात. काहींच्या मनगटावर स्वस्तातले घड्याळ असते. त्याच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याला मनगटातले रक्त कमीजास्त होते, तसा परतणारा प्रकाश बदलतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. पट्टा सैल असला किंवा हात जोरात हलला की आकडा चुकतो. आम्ही असा एक पट्टा गुंडाळलेल्या टॉवेलला बांधून पाहिला. टॉवेलचीही नाडी निघाली! अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात नामांकित घड्याळे तपासली. सहांची नाडी बऱ्यापैकी बरोबर होती, पण कॅलरीचा आकडा त्यातल्या त्यात चांगल्या घड्याळाचाही सरासरी २७ टक्के चुकला. म्हणून कॅलरी बघून पोरांचे जेवण तोडू नका.

घड्याळ नसेल तर उसने पैसे काढून घेऊ नका. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच, उठण्यापूर्वी, मनगटावर दोन बोटे ठेवून ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. अंगठा वापरू नका, त्याला स्वतःचा ठोका असतो. आठवडाभर लिहिले की आपला नेहमीचा आकडा कळतो. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका; कोणाचा ५८ असेल, कोणाचा ७४. आपलाच आकडा सलग दोन-तीन दिवस आठ-दहाने चढलेला दिसला तर झोप अपुरी आहे, ताप येऊ घातला आहे किंवा सराव जास्त झाला आहे. त्या दिवशी फक्त चालावे.

पळून आल्यावर आणखी एक नोंद करा. कष्ट किती वाटले त्याला दहापैकी गुण द्या आणि मिनिटांनी गुणा. ४० मिनिटे, गुण ४, म्हणजे १६०. आठवड्याची बेरीज एकदम दीडपट झाली की नडगी दुखायला लागते, विशेषतः डांबरी रस्त्यावर पळणाऱ्यांची. भरतीची तारीख जाहीर झाली की नेमके हेच घडते.

नाडी कायम चढलेली राहत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर मुलीला आळशी म्हणू नका. नागरी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. अंगात रक्त कमी असेल तर हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात.

आणि एक गोष्ट कोणतेही घड्याळ दाखवत नाही. विदर्भातून आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेलचा आनुवंशिक दोष आढळतो. जो केवळ वाहक असतो त्याला एरवी काही त्रास नसतो, तो खुशाल खेळू शकतो. पण उकाड्यात, पाणी न पिता, पहिल्याच आठवड्यात जीव तोडून पळाला तर स्नायूंना इजा होऊन तो कोसळू शकतो, क्वचित जीवही जातो. म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्यावी. वाहकाने सराव हळूहळू वाढवावा, मध्ये पाणी प्यावे. मांड्या-पोटऱ्या अचानक दुखून गळाल्या किंवा दम पुरेनासा झाला तर तिथेच थांबावे आणि सोबत्यांनी रुग्णालय गाठावे. तपासणीचे कार्ड वहीच्या मागच्या पानाला चिकटवा आणि सोबत पळणाऱ्याला ते दाखवून ठेवा.