दान, काम आणि दारिद्र्य



'गरीब गरीबच का राहतो?' या प्रश्नाला आपण चटकन उत्तर देऊन मोकळे होतो. कोणी म्हणतो प्रारब्ध, कोणी म्हणतो आळस. आज हे उत्तर तपासून पाहू या.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो शेतकरी व शेतमजूर खडी फोडत होते, पाझर तलावांची माती वाहत होते. त्यांना आळशी कोण म्हणेल? पाऊस नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून मजुरी नाही. मग बैल विकले जातात, भांडी गहाण पडतात. पुढच्या वर्षी पाऊस आला तरी पेरणीला जवळ काही उरत नाही. दारिद्र्य असे एका वर्षातून दुसऱ्या वर्षात उतरते.

ही साखळी तोडण्यासाठी वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा 1977 चा. 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागेल त्याला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले. त्यासाठी व्यवसाय कर बसवला गेला, म्हणजे शहरातील पगारदारानेही खेड्याचा भार उचलला. 2005 मध्ये याच विचारावर देशव्यापी कायदा झाला आणि ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी मिळाली.

परिणाम काय झाला? हजारो स्त्रियांच्या हातात स्वतःची मजुरी आली, गावोगावी बंधारे झाले. पण जेथे हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी रखडली, बांध अर्धवट राहिला, तेथे तीच योजना निष्फळ ठरली. शिवाय वृद्ध, आजारी, बालक यांना काम नव्हे, थेट आधारच हवा.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देश, काल, पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. तुच्छतेने दिलेले ते तामस. सरकारी योजनेलाही हीच कसोटी लावता येते. घेणाऱ्याचा मान राहिला का, हे पाहावे.

चिंतनासाठी:
1. 'आळशी' हा शब्द मी कोणासाठी, काय जाणून वापरतो?
2. माझ्या घरी राबणाऱ्याची मजुरी मी वेळेवर देतो का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर साधना तेथूनच सुरू करू या.