थंडीच्या सकाळी पळण्याची शर्यत



मार्गशीर्ष-पौषात आपल्या राजूरला फार थंडी पडते. सकाळी शेकोटीजवळून उठावंसं वाटत नाही. पण शाळांच्या क्रीडा स्पर्धा याच दिवसांत असतात आणि सराव सकाळीच करावा लागतो. घरची मोठी माणसे म्हणतात, "थंडीत पळू नको, छातीत थंडी भरेल." म्हणून थंडीत पळताना शरीरात काय होते, ते मी शिकले. तेच इथे लिहीत आहे.

काही ठिकाणी लोक बर्फावरूनही पळतात. लडाखमध्ये पँगाँग नावाचे सरोवर आहे. हिवाळ्यात त्याचे पाणी गोठून दगडासारखे होते. २० फेब्रुवारी २०२३ रोजी त्या गोठलेल्या सरोवरावरून २१ किलोमीटरची शर्यत झाली. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे. ते सरोवर तर कळसूबाईच्या अडीच पट उंचीवर आहे! जितके उंच जावे तितकी हवा गार होते.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ कधी कधी गवतावर पांढरे कण दिसतात. पण ते आभाळातून पडलेले नसतात. आभाळ निरभ्र असले की रात्री जमिनीची ऊब निघून जाते. गवत हवेपेक्षाही गार पडते आणि त्यावरचे दव गोठते.

आता पळण्याकडे वळू. आपले स्नायू काम करतात तेव्हा उष्णता तयार होते. पळताना स्नायू जेवढी शक्ती खर्च करतात, तिच्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होतो. म्हणजे पळणाऱ्याच्या अंगातच शेकोटी पेटते. थंडीत आपण कुडकुडतो तेही यासाठीच. स्नायू आपोआप हलतात आणि ऊब करतात.

नाकातून आत जाणारी हवा वाटेत गरम आणि ओलसर होते. तोंडातून वाफ निघते ती म्हणजे आपल्या श्वासातली पाण्याची वाफ. बाहेर गार हवा लागली की तिचे बारीक थेंब होतात.

एक प्रयोग करून पहा. शांत बसून मनगटावरची नाडी एक मिनिट मोजा. मग मैदानाला दोन फेऱ्या मारा आणि लगेच पुन्हा मोजा. आकडा बराच वाढलेला दिसेल. स्नायूंना जास्त रक्त हवे म्हणून हृदय जोरात चालते.

थंडीत पाळायचे नियम असे :

१) एकदम जोरात पळू नये. गार स्नायू आखडलेले असतात, लचक भरते. आधी दहा मिनिटे चालावे, हळू पळावे, हातपाय मोकळे करावेत.

२) सुरुवातीला स्वेटर आणि कानटोपी घालावी. अंग तापले की स्वेटर काढावा. पळून झाल्यावर लगेच परत घालावा, कारण घाम वाळताना अंग गार पडते.

३) थंडीत तहान कमी लागते, तरी पाणी प्यावे. सरावानंतर नागलीची भाकर आणि गूळ खावा.

४) ज्याला दमा आहे त्याने डॉक्टरांना विचारूनच पळावे. गार, कोरड्या हवेने त्याला धाप लागू शकते.

५) कोल्हार-घोटी रस्त्यावर सकाळी धुके असते आणि गाड्या चालू असतात. पांढरे कपडे घालावेत. समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेने पळावे. दाट धुके असेल तर रस्त्यावर जाऊच नये, मैदानात पळावे.

आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तिथल्या कविताताई राऊत यांना लोक 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणतात. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाला २५ फेऱ्या! त्याच वर्षी चीनमधल्या आशियाई स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले. २०१६ साली त्या रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावल्या. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. राजूरहून अकोल्याला पळत जाऊन पळतच परत यायचे, जवळजवळ तेवढे!

सावरपाडाही आपल्यासारखाच डोंगरातला. आपल्याकडच्या मुलीही डोंगर चढतात, पाणी आणतात, लांबून चालत शाळेत येतात. त्यांचे पाय मजबूतच आहेत. पण सकाळी अंधार असतो म्हणून मुलींना सरावाला पाठवत नाहीत. मुलगे तेवढे जातात.

पालकांना माझी विनंती आहे. सरावाच्या दिवशी कोणाचे तरी आई किंवा वडील बॅटरी घेऊन रस्त्याच्या वळणावर उभे राहिले, तर आम्हा सगळ्या मुलींना येता येईल. रोज एकच जण आला तरी चालेल. पाळी लावून घ्या. वर्गात चौदा मुली आहेत, म्हणजे एका घराची पाळी दोन आठवड्यांनी येईल.

– इयत्ता चौथी