राखणीचा कॅमेरा आणि शेतकऱ्याचा मोबाईल : जोडणी व दक्षता

फाल्गुन-चैत्रात मालवण किनारपट्टीवरील हापूसची कलमे भरास आली म्हणजे बागायतदारापुढे राखणीचा प्रश्न उभा राहतो. पूर्वी घरातील तरणा पुरुष कंदील घेऊन मांगरात निजावयास जाई व दिवसा मुले हाकारे घालून माकडे पिटाळीत. आज पुष्कळ घरांतील कर्ती माणसे नोकरीनिमित्त मुंबईस असतात. गावी वृद्ध आईवडील, एखादा गडी आणि आंब्याची आढी एवढेच मागे उरते. अशा घरांत बिनतारी छोटा कॅमेरा बसवून तो मोबाईलशी जोडण्याची पद्धत आता रूढ होत आहे. हे साधन अल्पखर्चाचे व उपयुक्त आहे. मात्र त्याची जोडणी घाईने किंवा अजाणता झाल्यास राखणीऐवजी नवीच चिंता मागे लागते. म्हणून ती कशी करावी व करताना कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन येथे केले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कॅमेरा केवळ दाखवितो. तो चोरास धरीत नाही आणि माकडासही हाकलीत नाही. गडगा, कुंपण, कुलूप आणि शेजार यांची जागा तो घेऊ शकत नाही.

जोडणीचे तत्त्व

कॅमेरा व मोबाईल यांच्यामध्ये तार नसते. कॅमेऱ्याचे चित्र वाय-फायच्या लहरींद्वारे घरातील राऊटरकडे जाते. मोबाईल दूर असल्यास ते तेथून इंटरनेटमार्गे व बहुधा कॅमेरा-कंपनीच्या संगणकाच्या साहाय्याने मोबाईलपर्यंत पोहोचते. यांपैकी एक जरी दुवा तुटला तरी चित्र बंद पडते. त्याचप्रमाणे, या मार्गाची किल्ली ज्याच्या हाती असेल त्याला ते चित्र पाहता येते. पुढील सर्व सूचनांचे मूळ या दोन गोष्टींत आहे.

जागेची निवड

कोकणातील घरांच्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती जाड असतात. अशा दोन-तीन भिंती ओलांडताना वाय-फायच्या लहरी क्षीण होतात. म्हणून भिंतीस भोक पाडण्यापूर्वी साधी परीक्षा करावी. मोबाईल घरच्या वाय-फायवर ठेवून त्यातील मोबाईल डेटा बंद करावा आणि कॅमेरा लावावयाच्या जागी उभे राहून एखादी चित्रफीत पाहावी. ती अडखळत असेल तर कॅमेराही तेथे अडखळणार असे समजावे. राऊटर माजघराच्या कोपऱ्यातून पडवीलगत आणल्यास पुष्कळदा काम भागते.

कॅमेऱ्याचा रोख आढीच्या खोलीचे दार, मांगराचा दरवाजा, पेट्या रचण्याची जागा अथवा खळ्यातील प्रवेशवाट यांकडे असावा. तो सूर्याच्या दिशेस किंवा प्रखर दिव्याकडे नसावा. तसेच कॅमेरा खिडकीच्या काचेआड लावू नये. रात्री त्याचे अवरक्त किरण काचेवरून परावर्तित होतात व चित्र पांढरे पडते. झुलत्या माडाच्या झावळ्या चौकटीत येत असतील तर वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेस मोबाईलवर इशारा वाजेल आणि चार दिवसांत माणूस इशाऱ्याकडे लक्ष देणेच सोडून देईल. बहुतेक ॲपमध्ये हालचाल टिपण्याचे क्षेत्र आखून देता येते. ते दारापुरते मर्यादित ठेवावे.

जोडणीपूर्वीची तयारी

१. खरेदी करताना भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह व 'आर' अक्षराने आरंभ होणारा क्रमांक पाहावा. केंद्र शासनाने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक चाचण्यांच्या अटी ९ एप्रिल २०२५ पासून लागू केल्या आहेत. खोक्यावर कंपनीचे नावही नसलेला स्वस्त माल टाळावा.

२. मेमरी कार्ड वीज बंद असताना बसवावे. प्रति सेकंद १ मेगाबिट वेगाने अखंड चित्रण केल्यास तासाला सुमारे ४५० एमबी व दिवसाला सुमारे ११ जीबी जागा लागते. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर साडेपाच दिवसांचे आणि १२८ जीबीच्या कार्डावर अकरा दिवसांचे चित्रण राहते. नंतर जुने पुसले जाऊन त्यावर नवे चढते. मोबाईलवर तासभर चित्र पाहण्यासही याच हिशेबाने डेटा खर्ची पडतो.

३. राऊटर कोणत्या लहरींवर चालतो ते पाहावे. नव्या राऊटरवर २.४ व ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. पुष्कळसे छोटे कॅमेरे केवळ २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा ओळखतात. हा पट्टा वेगाने कमी असला तरी भिंतींपार दूरवर पोहोचतो. जोडणी न होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. दोन्ही पट्ट्यांचे नाव एकच असल्यास राऊटरच्या मांडणीत जाऊन त्यांना वेगवेगळी नावे द्यावीत.

प्रत्यक्ष जोडणी

पहिली जोडणी कॅमेरा उंचावर न चढविता राऊटरजवळ जमिनीवर बसूनच करावी.

पहिली पायरी : कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तिकेत सांगितलेले ॲप मोबाईलच्या अधिकृत ॲप-भांडारातून घ्यावे. तत्सम नावाची दुसरी ॲपही तेथे असतात, म्हणून कंपनीचे नाव ताडून पाहावे.

दुसरी पायरी : घरमालकाच्या स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर अथवा ई-मेलवर खाते उघडावे. ॲपने वाय-फाय शोधण्यासाठी स्थानाची परवानगी मागितल्यास जोडणीपुरती द्यावी. फोनमधील नावांची यादी वाचण्याची परवानगी देण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी : मोबाईल २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर आणावा. कॅमेऱ्यास वीज द्यावी. दिवा लुकलुकू लागला किंवा आवाज आला म्हणजे कॅमेरा जोडणीस सिद्ध झाला.

चौथी पायरी : ॲपमध्ये नवे उपकरण जोडण्याचे बटण दाबून वाय-फायचे नाव व पासवर्ड भरावा. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांतील भेद काटेकोर पाळावा. एक अक्षर चुकले तरी जोडणी होत नाही.

पाचवी पायरी : मोबाईलच्या पडद्यावर चौकटीचे क्यूआर चिन्ह उमटेल. पडद्याचा उजेड वाढवून ते कॅमेऱ्याच्या भिंगासमोर वीतभर अंतरावर स्थिर धरावे. कॅमेऱ्याने चिन्ह वाचल्याचा आवाज येतो व मिनिट-दोन मिनिटांत चित्र दिसू लागते. काही कॅमेरे आपले स्वतःचे वाय-फाय निर्माण करतात व मोबाईल प्रथम त्यास जोडावा लागतो. अशा वेळी 'इंटरनेट उपलब्ध नाही' असा इशारा मोबाईल देतो. तो पाहून गोंधळू नये. जोडणी तशीच ठेवून पुढे जावे.

सहावी पायरी : चित्र दिसताच काम संपले असे मानू नये. मोबाईलचे वाय-फाय बंद करून मोबाईल डेटा चालू करावा आणि पाणंदीपर्यंत चालत जाऊन चित्र पुन्हा पाहावे. तेथे ते दिसले तरच मुंबईस असलेल्या मुलालाही दिसेल. त्यानंतर कार्डावरील मागील चित्रण उघडून पाहावे आणि तारीख-वेळ बरोबर आहे याची खात्री करावी. वेळ चुकीची असेल तर प्रसंगी पोलिसांपुढे ते चित्रण ठेवताना अडचण येते.

जोडणी न झाल्यास पट्टा, पासवर्ड, राऊटरपासूनचे अंतर व मोबाईल डेटा या चार गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात. तरीही न जमल्यास पुनर्मांडणीचे बटण पुस्तिकेत सांगितलेल्या वेळेपर्यंत दाबून धरावे आणि आरंभापासून सुरुवात करावी.

"कोण कोण बघतले?"

कॅमेरा लावताना खळ्यात बसलेली एखादी आजी विचारते, "माका कोण कोण बघतले?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जोडणी करणाऱ्याने या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर घरातील माणसांस दिले पाहिजे. त्यासाठी पुढील नियम पाळावेत.

खाते मालकाचे असावे. पुष्कळदा दुकानदार किंवा शेजारचा मुलगा सोयीसाठी स्वतःच्या क्रमांकावर खाते उघडतो आणि मालकास फक्त चित्र दाखवितो. मग कॅमेरा शेतकऱ्याच्या भिंतीवर, पण त्याची किल्ली परक्याच्या खिशात, अशी स्थिती होते. पुढे तो मनुष्य गाव सोडून गेला अथवा संबंध बिघडले तरी घराचे चित्र त्याच्याकडे जात राहते. असे पूर्वीच झाले असल्यास त्या खात्यातून कॅमेरा काढून टाकण्यास सांगावे व मालकाच्या खात्यावर नव्याने जोडावा. घरातील इतरांना चित्र दाखवावयाचे असेल तर ॲपमधील वाटपाच्या सोयीने फक्त पाहण्याचा अधिकार द्यावा. पासवर्ड कोणासही सांगू नये.

कारखान्याने दिलेला पासवर्ड बदलावा. सन २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक संगणक-आज्ञावलीने जगभरातील लक्षावधी कॅमेरे, राऊटर व तत्सम उपकरणे ताब्यात घेतली. तिच्यापाशी कारखान्यांनी घातलेल्या नाव-पासवर्डांच्या सुमारे साठ जोड्यांची यादी होती, एवढेच तिचे शस्त्र. मालकांनी ते पासवर्ड बदललेच नव्हते. या उपकरणांच्या बळावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. मालवणच्या समुद्रात शिवाजी महाराजांनी उभारलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याचा महादरवाजा बुरुजांच्या वळणात असा दडविला आहे की नवख्यास तो चटकन दिसत नाही. तट कितीही भक्कम असला तरी दरवाजा उघडा राहिल्यास उपयोग नाही, हे जाणूनच ती रचना केलेली आहे. पासवर्डही तसाच असावा. तो किमान बारा अक्षरांचा ठेवावा. त्यात घरातील कोणाचे नाव, जन्मसाल वा मोबाईल क्रमांक नसावा. वाय-फायचा व ॲपचा पासवर्ड वेगवेगळा ठेवून दोन्ही वहीत लिहावेत आणि वही कपाटात ठेवावी. ॲपमध्ये दुहेरी पडताळणीची सोय असल्यास ती चालू करावी. कंपनीने दिलेल्या सुधारणा वेळोवेळी घ्याव्यात. कॅमेरा-कंपनीच्या नावाने कोणी दूरध्वनी करून ओटीपी मागितल्यास देऊ नये. पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

रोख आपल्याच हद्दीत असावा. शेजाऱ्याची पडवी, सामाईक विहीर, न्हाणीघर किंवा कपडे बदलण्याची जागा चौकटीत येता कामा नये. कोणाच्याही संमतीवाचून त्याच्या देहाच्या खासगी भागांचे चित्र घेणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ६६-ई प्रमाणे गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण कायद्याच्या धाकाआधी शेजारधर्म आहे. कॅमेरा लावल्यावर शेजाऱ्यास बोलावून मोबाईलवर चित्र दाखवावे. त्याचे अंगण त्यात नाही हे त्याने स्वतः पाहिले म्हणजे मनात किल्मिष राहत नाही. घरातील वृद्धांच्या खोलीत त्यांच्या संमतीवाचून कॅमेरा लावू नये. आईची काळजी म्हणून मुलाने लावलेला कॅमेरा आईस पहारा वाटू नये. कॅमेऱ्यात ध्वनी टिपण्याची सोय असते. तिची गरज नसेल तर ती बंद ठेवावी.

पावसाळा, खारा वारा व वीज

खुल्या जागेत आयपी ६५ किंवा आयपी ६६ असा निर्देश असलेला कॅमेरा घ्यावा. यातील पहिला अंक धुळीपासून व दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण दाखवितो. मात्र हे संरक्षण कॅमेऱ्याच्या कवचापुरते असते. अडॅप्टर व तारेचा सांधा पडवीच्या आत कोरड्या जागी ठेवावा आणि तारेस खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून सांध्यात न शिरता झोळातून निथळेल. समुद्रालगत भिंगावर क्षाराचा थर चढतो. तो पंधरवड्यातून एकदा गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने पुसावा. कोरड्या फडक्याने घासल्यास भिंगावर ओरखडे पडतात. रात्रीच्या किरणांपाशी किडे येतात व त्यांच्या मागोमाग कोळी जाळे विणतो. तेही काढावे.

वीज गेल्यावर कॅमेऱ्यास बॅटरी असून भागत नाही. राऊटरही चालू राहिला पाहिजे, म्हणून राऊटरसाठी लहान बॅटरी-संच घ्यावा. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात या किनाऱ्यावर विजेचे खांब कोसळून अनेक गावे काही दिवस अंधारात होती. अशा प्रसंगी कोणतेही ॲप कामास येत नाही. म्हणून परगावी असलेल्या मुलाने निदान दोन शेजाऱ्यांचे क्रमांक आपल्यापाशी ठेवावेत.

घरापासून दूरच्या बागेत वाय-फाय पोहोचत नाही. तेथे सिमकार्डावर व सौर पट्टीवर चालणारा कॅमेरा उपयोगी पडतो. तो घेण्यापूर्वी त्याच कंपनीचे सिम असलेला मोबाईल बागेत नेऊन इंटरनेट मिळते का ते पाहावे. सौर पट्टीवर कलमांची सावली पडू देऊ नये. ढगाळ पावसाळ्यात ती पुरेशी वीज देत नाही, म्हणून हंगाम संपताच असा कॅमेरा उतरवून ठेवणे इष्ट होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

प्रात्यक्षिक दाखविताना सर्व पायऱ्या शेतकऱ्याच्या हातून व त्याच्याच मोबाईलवर करून घ्याव्यात. पासवर्ड भरतेवेळी कार्यकर्त्याने मान वळवावी. आपल्या मोबाईलवर एकाही घराचे खाते ठेवू नये. निघण्यापूर्वी शेतकऱ्याकडून दोन गोष्टी करवून घ्याव्यात. पहिली, ॲपमधील वाटपाची यादी उघडून त्यात कोणाची नावे आहेत ती वाचावयास लावणे. दुसरी, कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करावयास लावणे.

घरातील आजीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या यादीत असते. ती यादी शेतकऱ्याने स्वतः वाचून दाखविली आणि आजीचे समाधान झाले, म्हणजे जोडणी पुरी झाली असे समजावे.