पैसे निघण्याआधीचे प्रश्न

परदेशी संस्थेला दिलेल्या अनुदानातल्या चुका लक्षात येतात उशिरा, पण झालेल्या असतात फार आधी. हिशेब आला नाही, फोटो आले पण पावत्या आल्या नाहीत, वसतिगृहासाठी गेलेली रक्कम थकलेल्या पगारांत मुरली, हे कळते तेव्हा देणारा अमेरिकेत असतो आणि घेणारा महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यात. अमेरिकी न्यायालयाचा हुकूमनामा भारतात थेट बजावता येत नाही. त्याच्या आधारे इथे नव्याने दावा लावावा लागतो, आणि वकिलाची फी व तारखांची वर्षे मिळून तो दावा मूळ रकमेपेक्षा महाग पडू शकतो. या क्षेत्रातले कायदे, करार आणि अहवाल वर्षानुवर्षे वाचल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे: देणाऱ्याची खरी ताकद पैसे त्याच्या खात्यातून निघेपर्यंतच असते. पुढे उरते ती विनंती. पूर्वी मी शेवटच्या अहवालाला फार महत्त्व देत असे. आता संस्थेची फाईल हाती आली की मी आधी विश्वस्तांचा पहिला ठराव शोधते. आपल्या गावासाठी, शाळेसाठी, रुग्णालयासाठी परदेशातून निधी पाठवणाऱ्या मराठी माणसांनी हा क्रम समजून घ्यावा, म्हणून हे लिहिते आहे.

अमेरिकेच्या करकायद्याने हे साठ वर्षांपूर्वीच ओळखले होते. तिथे देणगीवर करसवलत मिळते ती अमेरिकेत स्थापन झालेल्या संस्थेला दिली तर. परक्या देशातल्या संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर, काही देशांशी झालेल्या करारांचा अपवाद सोडला, तर ती मिळत नाही. मग वाट काढली जाते: तिथे एक संस्था नोंदवायची, तिच्या नावाने चेक घ्यायचे आणि रक्कम जशीच्या तशी पुढे पाठवायची. १९६३ साली अमेरिकी महसूल खात्याने एका निर्णयात सांगितले, की अशी संस्था म्हणजे नुसती पन्हळ. वरून पडलेले पाणी खाली सोडण्यापलीकडे ती काही करत नाही, म्हणून ती देणगी मुळात परदेशी संस्थेलाच दिली असे मानले जाईल. १९६६च्या निर्णयाने वैध वाटही दाखवून दिली. विश्वस्त मंडळाने प्रकल्प स्वतः तपासावा, तो आपल्या उद्देशांत बसतो हे ठरवून मंजूर करावा, मग त्यासाठी निधी मागावा. आणि मंजुरी मागे घेण्याचा, जमलेला पैसा दुसऱ्या धर्मादाय कामाकडे वळवण्याचा हक्क स्वतःकडे ठेवावा. हा क्रम फार मोलाचा आहे. ठराव आधी, आवाहन नंतर. आधी पैसे गोळा करून मागाहून ठराव लिहिला, तर इतिवृत्तातल्या तारखाच संस्थेविरुद्ध साक्ष देतात. देणगीच्या पावतीवर ‘अमुक संस्थेसाठी’ असे बांधून घेण्याऐवजी ‘अमुक प्रकल्पासाठी, विश्वस्त मंडळाच्या निर्णयाच्या अधीन’ असे लिहिणे कोणाला शब्दच्छल वाटेल. मला तो वाटत नाही. देणगीदाराला त्याच क्षणी कळते, की पैशाबाबतचा अंतिम निर्णय मंडळाचा आहे आणि प्रकल्प बिघडला तर मंडळ ‘नाही’ म्हणू शकते.

खाजगी प्रतिष्ठानांसाठी, म्हणजे एका कुटुंबाच्या किंवा कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांसाठी, १९६९च्या करसुधारणेने याहून कडक चौकट घातली. धर्मादाय म्हणून मान्यता नसलेल्या परदेशी संस्थेला पैसे द्यायचे, तर आधी तिची चौकशी करायची, लेखी करार करायचा, तिच्याकडून दरवर्षी अहवाल घ्यायचा आणि तो खर्च स्वतःच्या करविवरणात महसूल खात्याला कळवायचा. करारात घेणाऱ्याने चार गोष्टी कबूल करायच्या: ठरल्या कामासाठी न वापरलेली रक्कम परत करीन, हिशेब वेगळा ओळखू येईल असा ठेवीन, वह्या दाखवीन, निवडणुकीत किंवा कायदे बदलवण्याच्या मोहिमेत हा पैसा वापरणार नाही. हे न पाळता दिलेल्या रकमेवर प्रतिष्ठानाला २० टक्के कर बसतो, आणि जाणूनबुजून संमती देणाऱ्या व्यवस्थापकाला स्वतःच्या खिशातून ५ टक्के भरावे लागतात. दुसरा मार्ग म्हणजे परदेशी संस्था अमेरिकी सार्वजनिक धर्मादाय संस्थेच्या तोडीची आहे, असा करतज्ज्ञाचा लेखी अभिप्राय घेणे. त्याची सध्याची कार्यपद्धती २०१७ सालची आहे. हा अभिप्राय सोयीचा खरा, पण तो संस्थेचे चारित्र्य सांगतो, तुमच्या अनुदानाची वाट सांगत नाही. घटना निर्दोष, ताळेबंद स्वच्छ आणि तरीही एखादा प्रकल्प सैल हातांत, हे अगदी शक्य आहे. म्हणून सामान्य लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या ज्या संस्थांवर ही चौकट बंधनकारक नाही, त्यांनीही चौकशी, करार आणि अहवाल ही पद्धत आपणहून स्वीकारावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आता भारताची बाजू, जिथे सद्भावनेची माणसे सर्वाधिक अडकतात. परदेशी निधीचा पहिला कायदा आणीबाणीत, १९७६ साली आला; आज लागू आहे तो २०१०चा, आणि त्यात २०२०च्या सप्टेंबरमध्ये मोठे बदल झाले. घेणाऱ्या संस्थेकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी हवी किंवा त्या विशिष्ट रकमेसाठी पूर्वपरवानगी हवी. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकरातली सवलत, गावातली चाळीस वर्षांची पुण्याई, यातले काहीही त्याची जागा घेत नाही. नोंदणी पाच वर्षांची असते, म्हणून प्रमाणपत्राची प्रत पाहताना मुदतीची तारीख आधी पाहावी. अनुदान तीन वर्षांचे आणि नोंदणीचे दिवस आठ महिने उरलेले, असा मेळ बसत नाही. परदेशी पैसा आधी नवी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावा लागतो. तालुक्याच्या बँकेतला खाते क्रमांक कोणी पाठवला, तर पैसे पाठवू नयेत आणि कारण विचारावे.

सर्वांत मोठा गोंधळ आहे तो ‘परदेशी’ कोण, याबद्दल. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस शिकागोत राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत गावच्या शाळेला पैसे देतो, तेव्हा ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याच्या शेजारी राहणाऱ्या, त्याच गावच्या, पण अमेरिकी नागरिक झालेल्या मित्राची देणगी मात्र परदेशी ठरते. ओसीआय कार्ड असले तरी. त्या मित्राने सुट्टीत गावी येऊन रुपयांत, हातोहात दिले, तरीही तेच. पैशाचे चलन कोणते हे कायदा विचारत नाही, देणारा कोण हे विचारतो. आणि त्या भारतीय पासपोर्टवाल्यानेच आपली रक्कम अमेरिकेत नोंदलेल्या मंडळाला दिली आणि मंडळाने ती शाळेला पाठवली, तर ती परदेशी होते, कारण आता देणारे मंडळ आहे. म्हणजे ज्या वाटेने अमेरिकेत करसवलत मिळते, तीच वाट भारतात नोंदणीची अट आणते. एकाच रुपयाला दोन देशांचे कायदे दोन बाजूंनी पाहतात, आणि यातला एकच कायदा पाहिलेल्या सल्लागाराचा सल्ला अर्धा असतो. शाळेच्या मुख्याध्यापकांना हे बारकावे माहीत असतील असे धरून चालू नये. ते आनंदाने पैसे घेतील, आणि पुढे नोटीस येईल ती त्यांना.

२०२०पूर्वी यावर एक उपाय होता: मुंबई-पुण्यातल्या मोठ्या नोंदणीकृत संस्थेला एकरकमी अनुदान द्यायचे आणि तिने ते खेड्यापाड्यांतल्या लहान नोंदणीकृत संस्थांना वाटायचे. त्या दुरुस्तीने ही वाट बंद केली. परदेशी निधी मिळालेल्या संस्थेला तो आता दुसऱ्या कोणालाही देता येत नाही. ८ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोएल हार्पर प्रकरणात हे बंधन कायम ठेवले. माझ्या दृष्टीने या तरतुदीने लहान संस्थांचे मोठे नुकसान केले आहे, आणि ते मी स्पष्ट म्हणेन. पण कायदा आहे तोवर ‘आमच्यामार्फत पाठवा, आम्ही पुढे पोचवतो’ असे सांगणाऱ्याला नम्रपणे नकार द्यायला हवा. मोठी संस्था स्वतःच काम करणार असेल, स्वतः माणसे नेमून आणि स्वतः बिले देऊन, तरच तो मार्ग खुला राहतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो विश्वासाचा. ‘आम्ही त्यांना ओळखतो, ती ध्येयवेडी माणसे आहेत, त्यांच्याकडे करार मागणे म्हणजे अपमान.’ या भावनेचा मला आदर आहे. महाराष्ट्रातली उत्तम सामाजिक कामे अशाच शब्दावरच्या विश्वासाने उभी राहिली. पण विश्वास व्यक्तीवर असतो आणि अनुदान संस्थेला जाते. संस्थापक थकतात, विश्वस्त बदलतात, आणि पुढचा माणूस कपाटात बघतो तेव्हा त्याला फक्त कागद सापडतो. शिवाय ढिलाई नेहमी घेणाऱ्याच्याच घरी असते, असेही नाही. पाकिस्तान-अफगाणिस्तानात शाळा बांधणाऱ्या अमेरिकेतल्या सेंट्रल एशिया इन्स्टिट्यूटचे संस्थापक ग्रेग मॉर्टेन्सन यांना २०१२ साली मोंटानाच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीनंतर दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम संस्थेला परत करण्याचे मान्य करावे लागले. तिथे प्रश्न परक्या देशातल्या भागीदारांचा नव्हता. संस्थापकाला ‘नाही’ म्हणण्याची ताकद विश्वस्त मंडळाने वापरली नव्हती.

दुसरा आक्षेप लहान संस्थांच्या बाजूचा, आणि तो अधिक वजनदार आहे. दोन खोल्यांत बालवाडी चालवणाऱ्या बाईंकडून तीस पानांचा फॉर्म भरून घेणे हा अन्याय आहे. भारतीय कायद्याने परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आहे. म्हणजे हिशेबनीस ठेवायला पैसा कमी आणि हिशेब मात्र जास्त. इथे देणाऱ्याने दोन गोष्टी कराव्यात. शिक्षकांचे आणि डॉक्टरांचे पगार, म्हणजे थेट सेवेचा खर्च, या मर्यादेत मोजला जात नाही, हे समजून अंदाजपत्रक नीट मांडायला मदत करावी. आणि प्रश्नांचे ओझे रकमेच्या व जोखमीच्या प्रमाणात ठेवावे. अमेरिकी नियमांतही चौकशीची खोली रक्कम, मुदत आणि पूर्वीचा अनुभव पाहून ठरवायची मुभा आहे. दहशतवादाला जाणारा पैसा रोखण्यासाठी २००१ साली सगळ्याच सेवाभावी संस्थांकडे संशयाने पाहणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटानेही २०१६ आणि पुन्हा २०२३ साली आपली आठवी शिफारस सुधारली, आणि जोखीम असेल तिथेच उपाय करा असे सांगितले. निर्बंध याद्यांत विश्वस्तांची नावे तपासावीत, ते काम थोड्या वेळाचे आहे; पण पाटील आणि शेख आडनावांचे शेकडो निरुपद्रवी लोक असतात, म्हणून नाव जुळले की जन्मतारीख आणि ठिकाण पाहूनच निष्कर्ष काढावा. यादी तपासली म्हणजे संस्था तपासली असे मात्र होत नाही.

तिसरा आक्षेप घाईचा. १९९३च्या किल्लारी भूकंपासारखे संकट आले की कोणाला ठराव सुचणार? उत्तर हेच, की ठराव शांत काळात व्हायला हवा. ज्या दोन-तीन संस्थांशी काम होऊ शकते त्यांची चौकशी आधी पुरी करून ठेवावी, कराराचा मसुदा तयार असावा, आणि आपत्तीत फक्त रक्कम व काम भरावे. पहिला हप्ता लहान आणि लवकर द्यावा. दुसरा हप्ता पहिल्याच्या साध्या, एक-दोन पानी हिशेबानंतर. हप्त्यांची ही पद्धत मला कुठल्याही दंडाच्या कलमापेक्षा परिणामकारक वाटते, कारण यात पैसे परत मागावे लागत नाहीत, पुढचे थांबवले की पुरते.

एक कलम मात्र मी कोणत्याही करारातून सुटू देत नाही, आणि ते सहसा सुटलेले असते. संस्थेची नोंदणी रद्द झाली किंवा तिने ती परत केली, तर परदेशी निधी आणि त्यातून उभी राहिलेली मालमत्ता, म्हणजे इमारत, रुग्णवाहिका, सोनोग्राफीचे यंत्र, हे सगळे कायद्याने सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. करार त्या तरतुदीच्या वर जाऊ शकत नाही. पण नोटीस आल्याबरोबर देणाऱ्याला कळवणे, उरलेले हप्ते आपोआप थांबणे आणि परदेशी पैशातून घेतलेल्या प्रत्येक वस्तूची वेगळी नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवणे, एवढे त्यात लिहिता येते. नोंदवहीत वस्तू, खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक आणि कोणत्या अनुदानातून हे चार रकाने पुरतात. यंत्र एका निधीतून आणि त्याची खोली स्थानिक वर्गणीतून उभी राहिली असेल, तर कोणत्या भिंती गावाच्या हे त्या वहीवरूनच दाखवता येते.