करमाडहून देवगिरी, वेरूळ, लोणार: पैसे नेमके कशात जातात?

वेरूळ लेण्यांच्या खिडकीवर एका माणसाचं तिकीट 40 रुपये. देवगिरीचं, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याचं, 25. तरीही करमाडहून चौघांचं कुटुंब एका दिवसात दोन्ही बघून परत येतं तेव्हा चार-साडेचार हजार गेलेले असतात. हा पैसा ना किल्ल्याने घेतलेला असतो, ना लेण्यांनी. तो गाडीत जातो, आणि बहुतेकदा न धावलेल्या किलोमीटरचा जातो. म्हणून या भागातल्या सहलीचा हिशेब तिकिटापासून मांडू नये, गाडीपासून मांडावा.

भाड्याच्या गाड्यांचे दोन प्रकार आहेत. शहरातल्या शहरात आठ तास आणि 80 किलोमीटर हा एक. बाहेरगावचा दुसरा. त्यात दिवसाला किमान 250 किंवा 300 किलोमीटर धरतात, गाडी तेवढी पळो वा न पळो. साध्या सेडानला किलोमीटरमागे 12 ते 14 रुपये, सात आसनी गाडीला त्याहून तीन-चार रुपये जास्त, शिवाय चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग. छत्रपती संभाजीनगर ते वेरूळ साधारण 30 किलोमीटर, वाटेतच दौलताबाद, त्यामुळे शहरातून निघणाऱ्याचा दिवस 80 किलोमीटरमध्ये आरामात बसतो. करमाडचा मात्र बसत नाही. गाव शहराच्या पूर्वेला जालना रस्त्यावर 20 किलोमीटरवर आहे, आणि किलोमीटर गाडी जिथून सुटते तिथपासून मोजतात. रिकामी गाडी करमाडला येणार, तुम्हाला घेऊन पुन्हा शहर ओलांडून वेरूळला जाणार, संध्याकाळी तुम्हाला सोडून रिकामी परतणार. 80 चा आकडा दुपारीच संपतो. किमान 300 च्या हिशेबाने ठरवली तर जेमतेम 140-150 किलोमीटर फिरून 300 चे पैसे भरावे लागतात.

यावरचा उपाय सरळ आहे. पश्चिमेकडची ठिकाणं एसटीने करा आणि गाडीचे पैसे पूर्वेकडच्या लांबच्या दिवसासाठी राखून ठेवा.

एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या बसला टप्प्यामागे साधारण 10 रुपये पडतात. करमाड ते शहर चार टप्पे, शहर ते वेरूळ पाच. म्हणजे पूर्ण तिकीट जाऊन-येऊन 190 रुपयांच्या आसपास. मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्यांना निम्मं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धं. ज्येष्ठांनी आधार कार्ड बरोबर ठेवावं, वाहक मागतो. ही सवलत एसटीच्या बसपुरती आहे, शहरात रिक्षा केली की तो खर्च वेगळा.

नवरा, बायको, सत्तर वर्षांची आजी आणि दहा वर्षांचा मुलगा असं कुटुंब धरू. एसटीचे चौघांचे मिळून 475 रुपये. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असल्याने तिकिटं तिघांचीच: वेरूळचे 120, देवगिरीचे 75. दौलताबादला उतरून पुन्हा बस धरली की एखादा टप्पा वाढतो. जेवण, चहा, पाणी धरून सगळा दिवस 1,500 रुपयांत होतो. डबा घरून नेला तर हजाराच्या आत. तिकीट मोबाइलवरून काढलं तर माणशी पाच रुपये वाचतात. त्याहून मोठा फायदा म्हणजे सुटीच्या दिवशीची रांग टळते.

रेल्वेचा पर्यायही आहे. करमाड आणि दौलताबाद ही दोन्ही स्थानकं मनमाड-नांदेड मार्गावर आहेत आणि पॅसेंजरचं किमान तिकीट 10 रुपये आहे. पण करमाडला मोजक्याच पॅसेंजर थांबतात, आणि दौलताबाद स्थानकाहून किल्ल्यापर्यंत रिक्षा करावी लागते. वेळ जुळली तरच हा मार्ग धरावा.

देवगिरीला सकाळी उघडतानाच पोहोचा, वेरूळ दुपारनंतर ठेवा. कारण उन्हाचं आहे. यादवांचा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी वसवली, 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीने ती लुटली, 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवून गावाला दौलताबाद नाव दिलं. हा सगळा इतिहास जिथे घडला त्या बालेकिल्ल्याची चढण उघड्या कातळावरून आहे, आणि मार्चनंतर अकरा वाजताच तो तापतो. तटाच्या आत महाकोट, चांदमिनार, चिनी महाल आणि मेंढा तोफेपर्यंत आजीही निवांत येऊ शकते. पुढे खंदक ओलांडून अंधारी, म्हणजे काळोखा भुयारी मार्ग, लागतो. तिथे वटवाघळं असतात, पायऱ्या उंच-सखल आहेत, हातात बॅटरी हवी. गुडघे दुखणाऱ्यांनी अंधारीच्या अलीकडे थांबावं. त्यांना किल्ला कमी दिसला असं होत नाही, कारण तासून उभा केलेला कडा आणि खंदक हीच देवगिरीची खरी करामत आहे, आणि ती खालूनच उत्तम दिसते.

वेरूळला 34 लेणी: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. चार तास हातात असतील तर सगळ्यांच्या मागे धावू नका. कैलास, म्हणजे 16 वं, सावकाश पाहा आणि बाजूच्या वाटेने वर चढून ते वरूनही पाहा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे मंदिर कळसाकडून पायाकडे कोरत आणलं आहे, हे वर उभं राहिल्यावरच नीट उमगतं. मग 10 वं आणि 32 वं. पावसाळ्यात 29 व्या लेण्याजवळचा धबधबा चालू असतो. या निसर्गदृश्याला वेगळं तिकीट नाही.

वार मात्र चुकवू नका. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला वेरूळच्याच घृष्णेश्वर मंदिराची गर्दी, श्रावणातल्या शनिवारी खुलदाबादच्या भद्रा मारुतीची. त्या दिवशी एसटीत उभं राहायलाही जागा नसते. पावसाळ्यात खुलदाबादहून बारा किलोमीटरवर म्हैसमाळ आहे. हिरवळ सुरेख, पण परतीच्या बसची वेळ आधी विचारल्याशिवाय वर जाऊ नका.

शहरातला बीबी का मकबरा आणि औरंगाबाद लेणी अर्ध्या दिवसाचं काम, प्रत्येकी 25 रुपये. मकबऱ्याच्या बांधकामाला 6,68,203 रुपये 7 आणे लागल्याची नोंद गुलाम मुस्तफाच्या तारीखनाम्यात आहे. पाणचक्की वक्फ मंडळाकडे आहे, तिथे वेगळं तिकीट घ्यावं लागतं.

परदेशी राहणारी मुलं-नातवंडं सुटीत येतात तेव्हा खिडकीवर हमखास घोटाळा होतो. परदेशी नागरिकाला वेरूळ-अजिंठ्याला 600 रुपये आणि देवगिरीला 300 रुपये पडतात. भारतीय पासपोर्ट असेल तर राहणं कुठेही असो, दर भारतीयाचाच. ज्यांच्याकडे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं, कार्ड आहे त्यांनाही 2021 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार स्मारकांचा प्रवेश भारतीय दरानेच आहे. फक्त ते कार्ड बॅगेत हवं, मुंबई-पुण्याच्या घरातल्या कपाटात नको. चौघांच्या कुटुंबाचे एका वेरूळमध्येच दोन हजारांहून जास्त वाचू शकतात.

आता गाडीचा दिवस. करमाडचं खरं वैभव पूर्वेकडे आहे. जालना अवघ्या 40 किलोमीटरवर, तिथून पुढे सिंदखेडराजा आणि लोणार. शहरातून निघणाऱ्यांच्या आधी तुम्ही 20 किलोमीटर पुढे असता. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचं जन्मस्थान आणि लखुजीरावांची भव्य समाधी. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीचा प्रचंड मेळा भरतो. इमारती शांतपणे बघायच्या असतील तर तो दिवस टाळा. लोणारचं विवर बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं, आणि तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी. 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी त्याला रामसर दर्जा मिळाला. काठावरून फोटो काढून परतणारे बरेच असतात. तळापर्यंत उतरलं तरच सहलीचं चीज होतं, आणि त्यासाठी तीन तास हवेत. शिवाय गावातलं दैत्यसूदन मंदिर, त्याचं तिकीट नाही.

हा फेरा 250-260 किलोमीटरचा होतो. 300 च्या किमान भाड्यात जवळपास पूर्ण वसूल. सेडानचे भत्त्यासह साधारण 4,000 ते 4,700. हेच कुटुंब जालना-मंठा मार्गे एसटीने गेलं तर 1,100 रुपयांच्या आसपास खर्च येईल, पण सगळा दिवस बसस्थानकांवर जाईल, तळ बघायला वेळच उरणार नाही. इथे गाडीचे पैसे खुशाल मोजावेत. शेजारचं जोडपं बरोबर घेतलं आणि सात आसनी गाडी केली तर माणशी हजाराच्या आसपास येतं.

अजिंठाही गाडीचाच दिवस, शहरमार्गे येऊन-जाऊन 240 किलोमीटर. खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं, त्याचं तिकीट वेगळं. परतताना गोळेगावहून आत वळून अन्व्याचं मंदिर नक्की बघा. बाराव्या शतकातलं, बाहेरून कोरीव कामाने भरलेलं, आणि गर्दी जवळपास नाहीच.

गाडी ठरवताना फोनवर तीनच गोष्टी वदवून घ्या: किलोमीटर कुठून मोजणार, टोल-पार्किंग भाड्यात आहे की वर, आणि रात्री किती वाजल्यानंतर जादा भत्ता लागतो. उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागा.