कढीपत्त्यावर कपाशीचं औषध नको!



मागच्या महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गटाची बैठक आटोपली आणि एका ताईंनी परसबाग दाखवायला घरामागे नेलं. कढीपत्त्याची कोवळी पानं कुरतडलेली. शेजारच्या जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं. ताई म्हणाल्या, "कपाशीचं औषध उरलंय थोडं, संध्याकाळी मारून टाकते." घरात वरणाला फोडणी बसत होती. त्यातला कढीपत्ता याच झाडाचा, आणि आठवडी बाजारात त्या जुड्या विकतात त्याही याच झाडाच्या!

२०१७ साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, हे आपण विसरलो नाही. यातली काही औषधं पानात मुरतात, पाण्यानं धुऊन जात नाहीत. मग रोज तोडायच्या पाल्यावर ती मारायची का?

आधी बघा, कोण खातंय

पान कडेनं कुरतडलेलं असेल तर अळी शोधा. कढीपत्ता आणि लिंबू यांच्यावर एकाच फुलपाखराची अळी येते. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून नजरेतून सुटते. मोठी झाली की हिरवीगार होते. घरच्या एक-दोन झाडांसाठी सकाळी हातानं वेचणं पुरतं.

पानं चिकट, शेंडा वाकडा आणि खोडावर मुंग्यांची रांग असेल, तर ती रस शोषणारी कीड. हिरवा-काळा बारीक मावा किंवा पांढरा पिठ्या ढेकूण. ही कीड गोड चिकटा सोडते. त्यासाठी मुंग्या तिची राखण करतात. म्हणून मुंग्या दिसल्या की शेंडे तपासा.

काय करायचं

१. किडीनं भरलेला शेंडा कापून जाळा. बांधावर फेकू नका.
२. मावा असेल तर पाण्याचा जोरदार फवारा मारा.
३. पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा.
४. लाल-काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा दिसला तर मारू नका. तो मावा खातो.

एवढ्यानं भागलं नाही तरच निंबोळी अर्क.

निंबोळी अर्क (१ लिटर)

वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यानं पिळून गाळा. पाणी घालून १ लिटर करा. त्यात २ ग्रॅम साधा साबण विरघळवा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूनेही फवारा. आठ दिवसांनी पुन्हा एकदा. तोडलेला पाला नेहमीसारखा धुऊनच वापरा.

यानं कीड लगेच पटापट मरत नाही. तिचं खाणं मंदावतं, वाढ खुंटते. म्हणून दुसऱ्याच दिवशी "काही फरक नाही" म्हणू नका.

माझी एक चूकही सांगते. मी घरच्या जास्वंदीवर भर दुपारी घट्ट साबणाचं पाणी मारलं आणि पानं करपली. जास्त घातलं म्हणजे जास्त गुण येतो, असं नसतं. कपड्याची पावडर तर नकोच.

त्या ताईंनी मला विचारलं, "हातानं वेचून कधी व्हायचं मॅडम?" मग आम्ही दोघी बसलो. पंधरा मिनिटांत सात अळ्या निघाल्या. कढीपत्त्याला फवारणी लागलीच नाही. कपाशीची बाटली त्यांनी घराबाहेरच्या पेटीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवली.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येकीनं आपल्या परसबागेतली एक किडकी फांदी पिशवीत बांधून आणा. कोणती कीड आहे ते मिळून ओळखू. आणि येत्या जून-जुलैत निंबोळ्या पडतील तेव्हा गटानं मिळून वेचा, सावलीत वाळवा. वर्षभराचं औषध फुकटात घरात येईल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक